काकीचा आंबा आणि माझा हात

देवगडकडे एप्रिल-मे महिन्यांत कुणाला नुसतं पाहुणा म्हणून राहता येत नाही. ओटीवर पिशवी टेकवली की हातात काहीतरी काम येतंच. गेल्या मोसमात मला निवडणीला बसवलं. कलमांवरून झेल्याने उतरवलेला हापूस क्रेटमधून मांगरात येतो, गोणपाटावर हलक्या हाताने ओतला जातो आणि मग फळ निवडायचं. काकी आणि मी शेजारी शेजारी बसलो होतो. तिच्या डाव्या हाताला एक रिकामा क्रेट, माझ्या उजव्या हाताला एक. बारीक फळ काकीने उचलायचं, मोठं मी. डागी फळ काढणारा गडी पलीकडे होता, त्याला तूर्त सोडून देऊ.

वाटलं, यात काय आहे? पण पहिल्या दहा मिनिटांतच माझा हात चार-पाच वेळा बारीक फळावर गेला. दर वेळी ते फळ माझ्या पुढ्यात घरंगळलेलं होतं. उलट मोठं फळ काकीच्या गुडघ्यापाशी गेलं, की ते मला दिसायचं, माझंच आहे हेही कळायचं, पण हात निघायला अंमळ उशीर व्हायचा. "तो आंबो माजो. तू हात कित्याक लावतंस?" काकी एकदा म्हणाली, मग दुसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात म्हणाली.

थोड्या वेळाने ती चहा ठेवायला उठली. ढीग तोच, क्रेट तेच, माझं कामही तेच: मोठं तेवढं उचल, बारीक राहू दे. आणि घोळ थांबला. बारीक आंबा अगदी मांडीला टेकलेला असला तरी हात तिकडे वळेना. काकी चहा घेऊन परत बसली आणि दोन मिनिटांत मी पुन्हा तिच्या आंब्याला हात घातला.

मला सांगितलेलं काम दोन्ही वेळा एकच होतं. बदललं ते इतकंच, की उरलेलं काम शेजारी बसून दुसरं कुणीतरी करत होतं. मग माझा हात का बिघडला? मानसशास्त्रज्ञ गेली वीसेक वर्षं या प्रश्नाच्या मागे आहेत. त्यांच्याकडे आंबे नसतात, बटणं असतात, पण मामला हाच.

आधी एकट्या माणसाचं बघू. कानाला हेडफोन, पुढ्यात दोन बटणं, एक डावं, एक उजवं. कानात 'डावं' असा शब्द आला की डावं बटण दाबायचं, 'उजवं' आला की उजवं. शब्द कुठल्या कानात आला त्याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. तरीही 'उजवं' हा शब्द डाव्या कानात ऐकू आला, की बोट अडखळतं. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातले जे. रिचर्ड सायमन यांनी रुडेल या सहकाऱ्याबरोबर हा प्रयोग १९६७ साली प्रसिद्ध केला. पुढे शब्दांच्या जागी सूर आले, रंग आले, आकार आले, आणि दर वेळी तेच दिसलं. खूण ज्या बाजूला उमटते त्याच बाजूचं बटण दाबायचं असेल तर माणूस चटकन दाबतो; विरुद्ध बाजूचं दाबायचं असेल तर रेंगाळतो. याला सायमन परिणाम म्हणतात.

रस्त्यात डावीकडून हाक आली, तर कोण आणि कशाला हे कळायच्या आधी मान डावीकडे वळलेली असते. जागा थेट हातापायांशी बोलते. डोकं मागाहून येऊन म्हणतं, 'तिकडे नाही रे, इकडे.' हे परतवण्यात जो वेळ जातो, तोच सायमन यांनी मोजला.

आता हेच काम निम्मं करा. लाल दिवा लागला की बटण दाब, हिरवा लागला की स्वस्थ बस. बटण एकच. अशा वेळी सायमन परिणाम जवळजवळ नाहीसाच होतो. साहजिक आहे, कारण डावं की उजवं हा प्रश्नच उरत नाही. दाबायचं की नाही, एवढंच ठरवायचं असतं. काकी चुलीपाशी गेली होती तेव्हा माझं काम हे असं होतं.

खरी मजा २००३ साली झाली. म्युनिकच्या माक्स प्लांक संस्थेतले नताली सेबान्झ, ग्युंटर क्नोब्लिख आणि वोल्फगांग प्रिन्झ यांनी पडद्यावर एका हाताचा फोटो दाखवला. तर्जनीत अंगठी, कधी लाल, कधी हिरवी. ते बोट कधी डावीकडे दाखवायचं, कधी उजवीकडे, कधी सरळ समोर. लक्ष द्यायचं ते फक्त अंगठीच्या रंगाकडे. बोट कुठे रोखलंय हे सोडून द्यायचं. एकाच माणसाला दोन्ही बटणं दिली, तर अपेक्षेप्रमाणे बोटाच्या दिशेने त्याचा वेग कमी-जास्त झाला. एकाला एकच बटण आणि एकच रंग दिला, तर दिशेचा परिणाम गळून पडला. मग त्यांनी दोन माणसं शेजारी शेजारी बसवली. लाल एकाचा, हिरवा दुसऱ्याचा. प्रत्येकाचं काम अजूनही निम्मंच, बटणही एकच. आणि गळून पडलेला परिणाम परत आला. लाल अंगठीचं बोट शेजाऱ्याकडे रोखलेलं असलं, की लालवाल्याला उशीर व्हायचा. जणू दोन्ही बटणं त्याच्याच हाताखाली होती, फक्त एकाचा हात उसना आणला होता.

याला कुणी म्हणेल, शेजारी माणूस बसला की लक्ष विचलित होणारच. तर तेही त्यांनी तपासलं. दुसरा माणूस शेजारी नुसता बसवून ठेवला, काही काम न देता. परिणाम दिसला नाही. शेजाऱ्याने कामातला उरलेला वाटा उचललेला असायला हवा, तरच तो आपल्या हातात शिरतो. २००६ साली याच गटाने डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या लहरीही मोजल्या. शेजाऱ्याची पाळी आली आणि आपण गप्प बसायचं, अशा क्षणी हात आवरण्याशी जोडलेली लहर एकट्याने काम करतानापेक्षा मोठी उठत होती. म्हणजे वरून आपण स्वस्थ दिसतो, पण आत हाताला दामटून बसवावं लागतं. काकीच्या आंब्याकडे मी हात नेला नाही, त्या वेळीही मी काही मोकळा बसलेलो नव्हतो.

किती उशीर होतो, तेही सांगून टाकतो, नाहीतर गैरसमज व्हायचा. असं बटण दाबायला माणसाला साधारण सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. त्यात जोडीदारामुळे पडणारा फरक दहा-पंधरा मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे सेकंदाचा एखाद-दीड शतांश. पापणी लवायला याच्या दहापट तरी वेळ जातो. हा फरक कुणाला जाणवत नाही. शेकडो वेळा बटण दाबून घ्यायचं, सरासरी काढायची, मग तो वर येतो. त्यामुळे मांगरातली माझी फजिती म्हणजे या प्रयोगाचा पुरावा, असं मी म्हणणार नाही. माझा हात सरळसरळ चुकत होता, तोही सकाळी साडेपाचला उठल्यामुळे असेल. पण त्या घोळाचा साचा मात्र तोच आहे: फळ कुठे पडलंय याने काही बिघडायला नको होतं, आणि काकी बसली की बिघडत होतं.

तर सेबान्झ मंडळींचं म्हणणं असं, की जोडीने काम करताना माणूस फक्त आपला वाटा डोक्यात ठेवत नाही. दुसऱ्याचा नियमही, 'हिरवी अंगठी आली की तो दाबणार', आपोआप डोक्यात मांडला जातो, आणि आपल्याच नियमाच्या शेजारी मांडला जातो. कुणी सांगितलेलं नसतं, त्याचा उपयोगही नसतो, उलट तोटाच असतो. तरी मांडला जातो.

ही गोष्ट इथेच संपती तर लिहायला सोपी होती. पण मध्ये एक मांजर आडवं गेलं.

चिनी-जपानी दुकानांत गल्ल्यावर एक सोनेरी मांजर ठेवतात, एक पंजा सारखा वरखाली हलवत असतं. आपल्याकडेही हल्ली कुठेकुठे दिसतं. जर्मनीतल्या थॉमस डोल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली शेजारच्या माणसाच्या जागी हे मांजर ठेवलं. काम तेच, निम्मं, एक बटण. परिणाम आला! मग मांजराऐवजी घड्याळ ठेवलं, मग संगीतवाल्यांचा ठोके देणारा मेट्रोनोम ठेवला. तरीही आला. आता घड्याळाचा नियम कोण डोक्यात ठेवणार?

डोल्क यांचं उत्तर साधं होतं. डाव्या बाजूला लक्ष वेधणारी कुठलीही गोष्ट आली, की तुमचं बटण 'नुसतं बटण' राहत नाही, ते 'उजवीकडचं बटण' होतं. डावं-उजवं हा हिशेब मागच्या दाराने परत आत येतो, आणि त्याच्याबरोबर सायमन परिणामही येतो. हे मांगरात लावून बघा. मी एकटा असताना माझा क्रेट म्हणजे फक्त क्रेट होता. काकी डावीकडे येऊन बसली आणि तो 'उजवीकडचा क्रेट' झाला. तिथून पुढे ढिगातलं प्रत्येक फळ एक तर तिच्या बाजूचं, नाहीतर माझ्या बाजूचं. यात काकीने काय करायचं ठरवलंय याचा काही संबंधच नाही. तिच्या जागी टेबलफॅन असता तरी चाललं असतं.

हे मी काकीला सांगितलं. ती म्हणाली, "मगे उद्या तुज्या जाग्यार मांजर बसवतंय. ता चाय तरी मागूचा नाय."

मला मांजरवाल्यांची बाजू बरीच पटते. विज्ञानात साध्या कारणाने भागत असेल तर मोठं कारण कशाला आणा? तरी सगळं त्यात मावत नाही. तैवानमधल्या संशोधकांनी २००८ साली जोडीदार दिसतच नाही अशी मांडणी केली. दुसऱ्या खोलीत माणूस तुमच्याबरोबर हे काम करतोय असं सांगितलं तेव्हा परिणाम आला. कॉम्प्युटर करतोय असं सांगितलं तेव्हा आला नाही. हालणारा पंजा नाही, टिकटिक नाही, फक्त समजूत. नेदरलँड्समध्ये बर्नहार्ड होमेल यांच्या गटाने २००९ साली जोडीदाराचा स्वभाव बदलून पाहिला. तो गोड वागणारा असला की परिणाम यायचा, दमदाटी करणारा असला की नाहीसा व्हायचा. नावडत्या माणसाचं काम आपण आपल्या डोक्यात शिरू देत नाही, असं दिसतं. हे ऐकल्यावर मला आमच्या भावकीतल्या काही जोड्या आठवल्या, पण ते राहू दे.

मांजरवाल्यांकडे यालाही उत्तर आहे. शेजारचा आपल्यासारखा जितका जास्त, तितकं 'हे माझं, ते त्याचं' वेगळं ठेवणं कठीण, आणि मग वेगळं ठेवायला जागेचाच आधार घ्यावा लागतो. आणखी एक गट म्हणतो, आपण दुसऱ्याचं काम नव्हे तर फक्त त्याची पाळी डोक्यात ठेवतो. तो काय करणार याच्याशी कर्तव्य नाही, 'आत्ता तो की मी' एवढंच. भांडण अजून मिटलेलं नाही, आणि तीन कारणं मिळून एक परिणाम घडत असेल तर ते मिटणारही नाही.

मला जो प्रयोग सगळ्यात बोलका वाटतो त्यात डावं-उजवं हा मुद्दाच मुळात नाही. २०१३ सालचा आहे, त्यातही सेबान्झ आणि क्नोब्लिख होते. दोन माणसं, पडद्यावर एकामागून एक शब्द. शब्द तीन प्रकारचे. एका प्रकारचा दिसला की पहिल्याने बटण दाबायचं, दुसऱ्या प्रकारचा दिसला की दुसऱ्याने, तिसरा कुणाचाच नाही. शब्द लक्षात ठेवा असं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. काम संपल्यावर अचानक विचारलं, कुठले शब्द आठवतात? आपल्या वाट्याचे जास्त आठवणार हे उघड आहे. पण कुणाच्याच नसलेल्या शब्दांपेक्षा जोडीदाराच्या वाट्याचे शब्द जास्त आठवले. दोन्ही प्रकारांत आपण बटण दाबलेलं नव्हतं, दोन्ही सारखेच 'माझे नाहीत' होते. तरी जे 'त्याचे' होते ते आत उतरले. घड्याळ शेजारी ठेवून एवढं होईल असं मला वाटत नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, एकत्र काम केलं की माणूस ढिला पडतो हे आम्हाला ठाऊकच आहे. इथे गल्लत होते. तो विषय वेगळा, आणि त्याचं उदाहरण किनाऱ्यावरच आहे. मालवण-वेंगुर्ल्याकडे रापण ओढताना पाहिली असेल. होडीतून जाळं अर्धगोलात सोडतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि दोन्हीकडे माणसं रांगेने ओढायला लागतात. त्या रांगेत पाय वाळूत रोवून जीव तोडून ओढणारा असतो तसा नुसता दोर धरून चालणाराही असतो. वाटा दोघांनाही मिळतो. फ्रान्समधले शेतकी अभियंते मॅक्स रिंगेलमन यांनी दोरावर कोण किती जोर लावतो हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोजलं, आणि १९१३ साली छापलं. जितकी माणसं जास्त, तितका माणशी जोर कमी. आठ जणांच्या रांगेत तो निम्म्यावर आला. काही तोटा ओढ एका वेळी न लागल्याने होतो, पण सगळा नाही. १९७४ साली अमेरिकेत माणसांचे डोळे बांधले, मागे आणखी लोक ओढतायत असं सांगितलं, आणि प्रत्यक्षात कुणालाच ओढू दिलं नाही. तरी पुढच्या माणसाचा जोर कमी झाला. १९७९ मध्ये टाळ्या आणि आरडाओरडा यांच्याबाबत हेच दिसलं.

रापणीत सगळे एकच काम करतात आणि कुणाचा जोर किती हे जाळं आल्यावर सांगता येत नाही. म्हणून माणूस अंग चोरतो. निवडणीत मात्र माझा क्रेट वेगळा, काकीचा वेगळा, संध्याकाळी कुणी किती भरलं ते उघड्यावर. तिथे अंग चोरायला जागा नाही, आणि बिघाड आळसाचा नाहीच. एकीकडे आपण आपलं काम दुसऱ्यावर सोडतो, दुसरीकडे दुसऱ्याचं काम नकळत स्वतःवर घेतो. ट्रिप्लेट नावाच्या अमेरिकन माणसाने १८९८ साली मुलांना शेजारी शेजारी उभं करून गळाच्या रिळा गुंडाळायला लावल्या होत्या. काही मुलं चेवाने भराभर गुंडाळू लागली, काही गडबडून मंद झाली. तो चढाओढीचा भाग, तोही तिसराच.

आता हा उसना नियम डोक्यात घेऊन फायदा काय, असा प्रश्न पडतो. प्रयोगशाळेत फायदा दिसत नाही कारण तिथे दोघांची कामं मुद्दाम तोडून ठेवलेली असतात. बाहेर अशी तुटक कामं किती सापडतात? होडीत पुढचा वल्हं मारतो तेव्हा मागच्याने त्याच्या पाठीकडे बघत बसून चालत नाही, त्याचं वल्हं पाण्याला टेकायच्या आधी आपलं उचललेलं लागतं. बघून, समजून, मग करायचं म्हटलं तर उशीरच झाला. दुसऱ्याची हालचाल आधीच आपल्यात चालू असली तरच हात वेळेवर पडतो. ज्या खोडीमुळे मी काकीच्या आंब्याला हात लावत होतो, तिच्याच जोरावर ही कामं चालतात, असं जोडकामाचा अभ्यास करणारे मानतात. मेंदू काही कामागणिक ती चालू-बंद करत नाही. निवडणीत ती नको होती, तरी आली.

शेवटच्या दिवशी पेट्या टेम्पोत चढल्यावर काकी मांगराच्या पायरीवर बसली होती. तिच्या लग्नानंतरची काही वर्षं गावात भातगिरणी नव्हती. ती आणि तिची मोठी जाऊ एकाच उखळात दोन मुसळांनी भात कांडायच्या. एकीचं वर, दुसरीचं खाली. मध्ये कांडता कांडता उखळाबाहेर उडालेलं भात डाव्या हाताने आत सारायचं, तेही न थांबता. चुकून मुसळावर मुसळ बसलं तर कोपरापर्यंत झिणझिण्या. मी विचारलं, काकी, तुम्ही मोजत होतात का? एक-दोन, एक-दोन? की तिच्या हाताकडे बघत होतीस?

"बघूक खयचो वेळ?" ती म्हणाली. "तिचा मुसळ वर गेला काय माजो हात आपसूक खाली येय." आणि बोलता बोलता तिने उजवा हात वर नेला, मूठ वळलेली, आणि डावा पायरीवरचा कचरा आत सारल्यासारखा हालला.